इन्फिनिबँडवरून (क्लस्टरमधल्या मशीन जोडणारं वेगवान नेटवर्क) ६४ नोड्सवर, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनवर, लिनक्स आपोआप कसं बसवायचं? पीएक्सई बूट (नेटवर्कवरून मशीन सुरू करणं) होतं, पण पुढे इन्स्टॉलरला नेटवर्कच दिसत नाही.

पीएक्सईच्या वेळी कार्डातलं फर्मवेअर बोलत असतं. कर्नल सुरू झाला की ते बाजूला होतं आणि नेटवर्क नव्याने उभं करावं लागतं. तुमच्या इनिट्रॅमएफएसमध्ये (कर्नलसोबत मेमरीत चढणारी सुरुवातीची छोटी फाइलसिस्टम) बहुधा आयपी-ओव्हर-इन्फिनिबँडचं मॉड्यूल नाही. कार्डाच्या ड्रायव्हरसोबत तेही ड्रॅकटने (इनिट्रॅमएफएस बनवणारं साधन) घाला. पोर्ट 'इनिट' या अवस्थेवरच अडकला असेल तर आधी सबनेट मॅनेजर (इन्फिनिबँडचे पोर्ट कामाला लावणारा प्रोग्राम) चालू आहे का ते बघा.

खरी मेख डीएचसीपीत, म्हणजे मशीनना आयपी पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेत आहे. इथरनेटचा हार्डवेअर पत्ता ६ बाइटचा, इन्फिनिबँडचा २०. डीएचसीपीच्या पाकिटात त्यासाठी जागा १६ बाइटचीच! म्हणून इथे नोड ओळखायचा तो क्लायंट आयडेंटिफायरवरून, म्हणजे मशीन स्वतः पाठवतं त्या ओळखीवरून. फर्मवेअर आणि कर्नल वेगवेगळे आयडेंटिफायर पाठवत असतील तर सर्व्हर एकाच नोडला दोन मशीन समजतो. डीएचसीपीचा लॉग उघडून दोन्ही ताडून पाहा.

टीएफटीपीने (फाइल पाठवायचा अगदी साधा प्रोटोकॉल) फक्त आयपीएक्सई (एचटीटीपीही जाणणारा बूट प्रोग्राम) उतरवा, बाकी सगळं एचटीटीपीवरून. टीएफटीपी मूळच्या रूपात ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवून पोचपावतीची वाट बघत बसतं, मग नेटवर्क कितीही वेगवान असो.

नोड्सना साधा गिगाबिट पोर्ट असेल तर मी इन्स्टॉलेशन त्यावरूनच करेन, उगाच डोकेफोड नको. आणि किकस्टार्टच्या (आपोआप इन्स्टॉलेशनची सूचना-फाइल) शेवटच्या स्क्रिप्टमधून हेड नोडला, म्हणजे बाकी नोड्सना बूट करवणाऱ्या मुख्य मशीनला, 'आता डिस्कवरून बूट' असं कळवायला विसरू नका. मी एकदा विसरलो. सकाळी येऊन पाहतो तर सगळे नोड पुन्हा पुन्हा स्वतःला पुसून बसवत होते.