भोंगा तू ऐकलेला नाहीस

प्रिय मित्रा,

तुझी कथा वाचली. लिफ्टमध्ये शिरताना आजी चपला काढून हातात घेते, तिथे थांबलो. ती ओळ तुझी आहे. पण तिच्याआधी तीन पानं गिरणीचा भोंगा वाजतोय. खरं सांग, तू तो कधी ऐकलास? गिरणी कामगारांचा संप 1982 चा. हा भोंगा तू इतरांच्या कथांतून उचललास आणि वर त्याला वारसा म्हणतोस.

बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 साली आला, तेव्हा गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर या कथाकारांची नव्या वळणाची कथा, म्हणजे नवकथा, चांगली रुळलेली होती. बागुलांना तीच गिरवता आली असती. त्यांनी आपल्या भोवतीची वस्ती लिहिली, आणि त्यांची माणसं वाचकाकडे कीव मागत नाहीत. जयंत पवारांनी तर गिरण्या बंद पडल्यानंतरचं गिरणगाव लिहिलं. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या त्यांच्या कथासंग्रहाला 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते असो. त्या नावातला फिनिक्स वाचला की मला लोअर परळची गिरणी दिसते आणि तिच्या जागचा मॉलही.

त्यापुढचं तुझ्याकडे आहे. आजी बाविसाव्या मजल्यावर राहते. चाळीत दार दिवसभर सताड उघडं असायचं, आता बेल वाजली की ती आधी भोकातून बघते. मजल्यावरच्या कुणी घर विकून बदलापूर गाठलं का? लिफ्ट बंद पडली की दूधवाला वर येतो का? हे तुला ठाऊक आहे, मला नाही.

शेवटचा परिच्छेद काढ. त्यात आजीला काय वाटलं ते तू सांगत बसलायस. माझी पहिली कथा एका संपादकांनी परत पाठवली होती. शेवटच्या परिच्छेदाशेजारी शिसपेन्सिलीची उभी रेघ आणि दोनच शब्द : ‘आधीच संपली’. मी चिडलो, परिच्छेद तसाच ठेवला, दुसरीकडे छापून आणला. तो अंक कपाटात आहे. उघडवत नाही.

शनिवारी दुपारी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात असेन. नवा खर्डा घेऊन ये. आणि हो, आजीला विचारून ठेव, महिन्याचा मेंटेनन्स किती येतो आणि तो भरतं कोण.

तुझा,
काका