डोळस माणूस सोबत आणा म्हणे!

प्रश्न : मी पूर्ण अंध. चोपड्याच्या एका बँकेत एटीएम कार्ड मागितलं, तर म्हणे, "भाऊ, डोळस माणसासोबत जॉइंट खातं काढा." काय करू?

उत्तर : दादा, जॉइंट खातं मुळीच काढू नका. मलाही दिसत नाही. अमळनेरात हेच ऐकून मीही केळीचे पैसे मुठीत धरून परतलो होतो. रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच बजावलंय, दृष्टी नाही म्हणून चेकबुक, लॉकर, एटीएम नाकारायचं नाही. अर्ज द्या, पोच घ्या. शिक्क्याची ओल बोटाला लागते, तेवढं चाचपा. नकार लेखी मागा. बहुतेकदा तिथेच सूर बदलतो. महिनाभरात उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, फी नाही. आणि कार्ड मिळालं की एटीएमवर हेडफोन घेऊन जा, 'बोलतं' एटीएम त्यातूनच सूचना ऐकवतं. आमच्याकडचं मात्र तीन अर्जांनंतर बोललं!