रविवारचं बिल इतकं कसं वाढतं? जर्मनीतल्या प्राणीपालकांचे प्रश्न

प्रश्न : आमची मांजर शनिवारपासून उलट्या करत होती, खातही नव्हती. रविवारी दुपारी दवाखान्यात नेलं. तपासणी झाली, एक इंजेक्शन दिलं. औषधं सोडून नुसत्या या दोन कामांचे १४३ युरो झाले. मागे एकदा मंगळवारी एवढ्याच कामाला ४२ युरो लागले होते. डॉक्टरांनी जास्त लावले का? — एक वाचक, म्युनिक

उत्तर : नाही. हिशेब नियमातलाच आहे, आणि तो एकदा समजून घेतला की पुढच्या वेळी बरेच पैसे वाचतील.

जर्मनीत पशुवैद्यांची फी जीओटी नावाच्या सरकारी दरपत्रकावर चालते. सध्याचे दर २२ नोव्हेंबर २०२२पासून लागू आहेत. प्रत्येक कामाचा मूळ दर ठरलेला असतो आणि केस किती अवघड, वेळ किती लागला हे पाहून डॉक्टर त्याच्या १ ते ३ पट लावतात. मूळ दराच्या खाली जायला त्यांना सहसा परवानगी नाही, म्हणून ‘काहीतरी कमी करा’ म्हणून उपयोग नसतो.

कुत्र्या-मांजराच्या साध्या तपासणीचा मूळ दर २३.६२ युरो, इंजेक्शनचा ११.५० युरो. मंगळवारी तुम्हाला एकपट दर लागला : ३५.१२ युरो, त्यावर १९ टक्के व्हॅट, म्हणजे ४१.७९. रविवारी मात्र नोटडीन्स्ट, म्हणजे तातडीच्या सेवेचे नियम लागतात. तिथे दुपटीपासूनच सुरुवात होते आणि चौपटीपर्यंत जाता येतं. वर ५० युरोंची वेगळी तातडीची फी. तपासणी ४७.२४, इंजेक्शन २३, फी ५०, बेरीज १२०.२४, व्हॅट धरून १४३.०९. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी या वेळेला लावता येणारा सर्वांत कमी दर लावला आहे.

तातडीची वेळ म्हणजे रोज संध्याकाळी ६ ते सकाळी ८, शुक्रवारी संध्याकाळी ६पासून सोमवारी सकाळी ८पर्यंत, आणि सुट्टीचा पूर्ण दिवस. पण एखाद्या दवाखान्याची नेहमीची ओपीडीच शनिवारी सकाळी किंवा संध्याकाळी ७पर्यंत असेल, तर त्या वेळेला ही फी लागत नाही. असे दवाखाने घराजवळ कुठे आहेत हे आजच शोधून ठेवा. शुक्रवारी दुपारी जनावर मलूल वाटलं तर ‘बघू उद्या’ म्हणू नका, ६च्या आत फोन करा.

थांबायचं कधी आणि नाही कधी, हे मात्र पैशांवरून ठरवू नका. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसून कुंथतो आणि लघवी होत नाही, मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलंय आणि नुसतेच उमासे येताहेत, श्वास घ्यायला त्रास होतोय, फिट ५ मिनिटांवर गेली, विषारी काही पोटात गेलं : यांत मध्यरात्रीही निघायचं. मूत्रमार्ग बंद झालेला बोका सोमवारपर्यंत जगेलच असं नाही. उलट एखादी उलटी होऊन जनावर पाणी पितंय, खेळतंय, किंवा कान खाजवतंय, तर सोमवार चालतो. तुमच्या मांजरीचं अन्न दिवसभर बंद होतं. मांजर उपाशी राहिली की यकृतात चरबी साठायला लागते, म्हणून तुम्ही नेलंत ते योग्यच केलं.

बिलावर तारीख, निदान, प्रत्येक काम आणि व्हॅट वेगळा दाखवलेला असला पाहिजे. किती पट लावली तेही लिहून मागा. विमा कंपनी पुढे हेच विचारते.

प्रश्न : आमची १० वर्षांची लॅब्रेडोर मागच्या पायाने लंगडते. रात्रीच्या फीची भीती वाटते. घरात भारतातून आणलेली कॉम्बिफ्लॅम आहे, अर्धी गोळी देऊ का? — एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : कृपा करून देऊ नका. एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. कुत्र्यांत आयबुप्रोफेनने जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं दुखावतात. शिवाय ती गोळी पोटात असताना डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेनसारखी कुत्र्यांची वेदनाशामकं लगेच सुरू करता येत नाहीत, काही दिवस थांबावं लागतं. स्वस्तातला उपाय असा महागात पडतो.

घरात मांजर असेल तर याहून जास्त जपा. पॅरासिटामॉल निष्प्रभ करणं मांजराच्या यकृताला नीट जमत नाही आणि एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात. चुकून खाल्लीच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्या मिठानेच विषबाधा होते. गोळीची पट्टी हातात घेऊन थेट दवाखाना गाठा.

लॅब्रेडोर पाय टेकत असेल आणि खात-पीत असेल तर रात्रभर विश्रांती द्या, जिने चढू देऊ नका आणि सकाळी ८नंतर न्या. पाय अजिबात टेकत नसेल किंवा मागचा भागच लुळा पडला असेल तर लगेच.

प्रश्न : विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात उपचार स्वस्त पडतात का? — एक विद्यार्थी, लाइपझिग

उत्तर : नाही, दरपत्रक तेच. अवघड केससाठी तिथे जावं, बचतीसाठी नव्हे.

प्रश्न : आमच्याकडे कुत्र्याचा हाफ्टफ्लिश्ट विमा आहे. ऑपरेशनचा खर्च त्यातून मिळेल ना? — एक वाचक, हॅम्बुर्ग

उत्तर : मिळणार नाही, आणि ही गैरसमजूत आपल्याकडे फार दिसते. हाफ्टफ्लिश्ट म्हणजे तुमच्या कुत्र्याने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई. हॅम्बुर्ग, बर्लिन, नीडरझाक्सन या राज्यांत तो सक्तीचा आहे, पण कुत्र्याच्या उपचाराला त्यातला एक सेंटही येत नाही.

उपचारांसाठी दोन वेगळे विमे असतात. ओपी विमा फक्त शस्त्रक्रियेचा. मधुमेह, ॲलर्जी, मूत्रपिंडाचा जुनाट आजार यांच्या गोळ्या-तपासण्या त्यात बसत नाहीत. पूर्ण आजारविम्यात त्या येतात, हप्ता अर्थात मोठा. सही करण्याआधी पॉलिसीत जीओटीच्या किती पटीपर्यंत पैसे मिळतात ते बघा. दुपटीवर थांबणारी पॉलिसी रात्रीच्या चौपट बिलाला अर्धीच पुरते. वार्षिक मर्यादा आणि स्वतः भरायचा वाटा पाहा : २० टक्के असेल तर २,००० युरोंच्या बिलात ४०० तुमचे. सुरुवातीला किती काळ दावा करता येत नाही ते पाहा. आधीचे आजार, दातांची कामं आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींची श्वासाची शस्त्रक्रिया, हे वगळलंय का ते ओळ न ओळ वाचा. पिल्लू लहान आणि धडधाकट असतानाच विमा घ्यावा. एकदा फाइलवर ‘कान वारंवार सुजतो’ असं लिहिलं गेलं की पुढचे कानाचे दावे नाकारले जाऊ शकतात.

प्रश्न : डिसेंबरमध्ये पुण्याला जाणार आहोत. कुत्र्याला सोबत नेऊन दातांचं काम तिथे स्वस्तात करून घेण्याचा विचार आहे. — एक वाचक, फ्रँकफुर्ट

उत्तर : परतीचा विचार आधी करा. रेबीजसाठी युरोपीय संघाच्या मान्य देशांच्या यादीत भारत नाही, म्हणून परत येताना रक्तातल्या प्रतिपिंडांचा (अँटिबॉडीजचा) अहवाल लागतो : किमान ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून. आधी ओळखीची मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त. हे सगळं जर्मनीत असतानाच करून निकाल कुत्र्याच्या युरोपीय पासपोर्टवर नोंदवून घेतला आणि पुढे लसीची मुदत एकदाही चुकवली नाही, तर परतताना अडत नाही. तपासणी पुण्यात गेल्यावर केली तर रक्त दिल्यापासून ३ महिने कुत्र्याला भारतातच राहावं लागेल. भारतात नेण्यासाठी पशु संगरोध (क्वारंटाइन) विभागाचं ना-हरकत पत्र लागतं, ते वेगळंच.

तपासणी, विमानाचं भाडं, पिंजरा हे धरलं तर दातांच्या कामात वाचणारे पैसे तिथेच संपतात. कुत्र्याला तसंही नेणार असाल तर गोष्ट वेगळी, पण भूल देऊन दात काढल्यावर जखम भरायला साधारण दोन आठवडे द्या. परतीचं तिकीट त्यानंतरचं काढा.