घानामधील शेतकरी कोकोच्या बागेत मोठी इमारती झाडे का वाढू देत नाहीत?

याचे मुख्य कारण मालकीहक्कात आहे. 1962 च्या कायद्याने नैसर्गिकरीत्या उगवलेली इमारती झाडे, ती कोणाच्याही जमिनीवर असली तरी, पारंपरिक गाद्यांच्या (म्हणजे स्थानिक प्रमुखांच्या सत्तापीठांच्या) वतीने विश्वस्त म्हणून राष्ट्राध्यक्षांकडे सोपवली. त्यामुळे ज्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे ते झाड राखले, त्याला लाकडाच्या उत्पन्नात कायद्याने वाटा मिळत नाही. उलट, परवानाधारक ठेकेदार झाड तोडायला आला की कोकोची रोपे मोडतात आणि नुकसानभरपाईसाठी भांडावे लागते. अशा परिस्थितीत रोप लहान असतानाच उपटणे किंवा वाढलेले झाड चेनसॉवाल्याला (यंत्रकरवतीने लाकूड कापणाऱ्याला) गुपचूप विकणे शेतकऱ्याला शहाणपणाचे वाटते, यात मला तरी नवल वाटत नाही. चेनसॉने व्यापारी लाकूड कापण्यावर 1998 पासून बंदी आहे, पण मागणी असल्याने ते चालूच राहिले.

राखीव जंगलांच्या उजाड भागात मात्र 2002 पासून सुधारित टौंग्या पद्धत आली. तिच्यात शेतकरी सागासारखी झाडे लावतात, पहिली काही वर्षे मधल्या जागेत केळी व इतर अन्नपिके घेतात आणि लाकडाच्या उत्पन्नातील 40 टक्के वाट्याचे हक्कदार ठरतात. वन आयोगाला 40, गादी व पारंपरिक जमीनमालकांना 15 आणि गावाला 5 टक्के मिळतात. हा वाटा हाती पडायला साग तयार होईपर्यंत थांबावे लागते, आणि झाडांची सावली वाढली की अन्नपिकेही बंद होतात. गरीब कुटुंबांना तो मधला काळच जड जातो.