टोल, जकात आणि रहदारी

प्रश्न असा आहे: 'आमचे आजोबा टोलनाक्याला जकात नाका म्हणायचे. ते चूक का? आणि टोलला पथकर सोडून दुसरा जुना शब्द मराठीत नाही का?'

तसं पाहिलं तर चूकच. जकात मालावर असे. शहराच्या हद्दीत माल शिरला की पालिका ती घेई. रिकाम्या ट्रकला जकात कसली? टोल गाडीवर असतो, ट्रक भरलेला असो की रिकामा. पण मुंबईच्या वेशीवर २०१७ च्या जुलैत जीएसटी येईपर्यंत दोन्ही वसुल्या चालत, तेव्हा आजोबांना माफ करा.

जुना शब्द मात्र आहे आणि आपण तो रोज वापरतो: रहदारी! फारसीत राह म्हणजे वाट, राहदार म्हणजे वाटेचा राखणदार. वाटसरू-व्यापाऱ्यांकडून वाटेवर घेतली जाई ती राहदारी. पुढे अर्थ परवान्याकडे सरकला आणि आता उरली ती नुसती वाहनांची ये-जा.

त्याहून मागे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'वर्तनी', म्हणजे वाटेचा कर, भेटते. सीमेवरचा अधिकारी, अंतपाल, मालाच्या गाडीमागे सव्वा पण घेई; 'पण' हे तेव्हाचं नाणं. घोड्या-गाढवासारख्या एका खुराच्या जनावराला एक पण, गुराला अर्धा, खांद्यावरच्या ओझ्याला एक माषक, म्हणजे पणाहून लहान नाणं. आणि वाटेत माल हरवला किंवा चोरीला गेला, तर भरपाई अंतपालाने करायची! हे कलम आजच्या ठेकेदारांना कुणीतरी वाचून दाखवायला हवं.

आजचा टोल राखणीचा नाही, बांधकामाचा आहे. सरकारकडे एकरकमी पैसा नसतो. मग कर्ज काढून किंवा 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' म्हणत खासगी कंपनीकडून रस्ता करून घ्यायचा आणि खर्च वाहनांकडून वसूल करायचा. मुंबईत ५५ उड्डाणपुलांचा खर्च शहराच्या पाच प्रवेशनाक्यांवर काढला गेला. पूल कुठलाही चढा, पैसे वेशीवर! हलक्या वाहनांना तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये माफी मिळाली.

पथकर हा कागदावरचा शब्द. अधिसूचनेत शोभतो, पण 'पथकर भरलास का रे?' असं गाडीत कुणी विचारत नाही. टोल भरतात, चुकवतात, माफ होतो. टोळधाडीतल्या 'ळ'चा 'ल' करून वर्तमानपत्रांनी 'टोलधाड' केली, टोळभैरवांचे 'टोलभैरव' झाले. त्यामुळे बेलाशक टोल म्हणा.