वाचकांचे प्रश्न : चालता पीसी भंगारात काढू नका

प्रश्न : भाऊ, चोपड्याला आमचं कृषी केंद्र आहे. दुकानातला पीसी आय-फाईव्ह, चौथ्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, एसएसडी टाकलेली, मस्त चालतो. दिवसा त्यावर टॅलीत बिलं आणि रात्री मी काउंटर-स्ट्राईक २ आणि जीटीए फाईव्ह खेळतो. आता विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ या मशीनवर चालणार नाही असं स्क्रीनवर येतं. कॉम्प्युटरवाला म्हणतो नवीन घ्या, पप्पा म्हणता कपाशीचे पैसे आल्याशिवाय नाव काढू नको. आते काय करू?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : पप्पांचं ऐक. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला याचा अर्थ मशीन बंद पडलं असा नाही, फुकट सिक्युरिटी अपडेट यायचे थांबले एवढाच. पण दुकानाचा हिशोब आणि बँकेचं काम त्यावर असेल तर अपडेटशिवाय वर्षानुवर्षं नेटला जोडून ठेवणं बरोबर नाही, हेही तितकंच खरं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सिक्युरिटीची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. तुझा प्रोसेसर दमलाय म्हणून नाही, तो कंपनीच्या यादीत नाही म्हणून तुला दारात अडवलंय, आणि मला याचाच राग येतो, कारण पैसे तू भरले, वीजबिल तू भरतो आणि मशीन म्हातारं झालं की नाही हे मात्र दुसराच कोणी ठरवतो. पेनड्राईव्हची युक्ती करून ११ टाकून देणारे मिळतील, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, त्यामुळे दुकानाच्या मशीनवर तो खेळ नको.

आधी हे कर. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघड, तिथं जादा सिक्युरिटी अपडेटची म्हणजे ईएसयूची नोंदणी दिसेल. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत, आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट येतात. अकाउंटशिवाय मात्र ते देत नाहीत, म्हणजे फुकट म्हटलं तरी काहीतरी द्यावं लागतंच.

तेवढ्या वेळात लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, पेनड्राईव्हवर टाकून बघ, काही इन्स्टॉल न करता नुसतं चालवून बघता येतं. वायफाय, प्रिंटर, मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग सगळं तपासून घे. टॅली विंडोजवरच चालतं, त्यामुळे विंडोज पुसू नको, दुसऱ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर, मिंट टाक आणि पीसी चालू करताना कुठलं उघडायचं ते निवड. पार्टिशनला हात लावायच्या आधी टॅलीच्या डेटाची कॉपी बाहेर काढायची, हे विसरायचं नाही.

गेमचं म्हणशील तर काउंटर-स्ट्राईक २ लिनक्सवर सरळ चालतं. विंडोजचे बाकी बरेच गेम स्टीम या ऑनलाइन गेम दुकानाच्या प्रोटॉनवर, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतात, स्टीमच्याच वॉल्व कंपनीने २०१८ मध्ये ते आणलं. जीटीए फाईव्हची स्टोरी चालेल पण ऑनलाइन नाही, कारण सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात बॅटलआय नावाचं अँटी-चीट, म्हणजे खेळातली चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर आलं. आता गंमत बघ, बॅटलआय लिनक्सवर चालू शकतं, गेम कंपनीने परवानगी द्यायची असते, ती दिली नाही. म्हणजे अडचण टेक्निकल कमी आणि मर्जीची जास्त. व्हॅलोरंटचा नाद असेल तर तो सोड, त्याचं व्हॅनगार्ड नावाचं अँटी-चीट थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात बसतं, लिनक्सवर तो गेम चालतच नाही.

प्रश्न : ऑनलाइन विकत घेतलेला गेम कंपनी काढून घेऊ शकते का? मित्र म्हणतो तू विकत घेतलेलाच नाही.
— एक वाचक, धुळे

उत्तर : मित्र बरोबर बोलतो, दुर्दैवाने. आपण लायसन्स घेतो, गेम नाही. स्टीमवर पैसे भरताना आता तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, कॅलिफोर्नियाने कायदाच केला तसा, १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. युबिसॉफ्ट कंपनीचा द क्रू हा २०१४ चा गाड्यांचा गेम घे, ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा गेला, कारण तोही सर्व्हरशिवाय उघडत नव्हता. त्यावरूनच रॉस स्कॉट नावाच्या माणसाने स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम काढली, युरोपात त्याच्या अर्जावर दहा लाखांवर सह्या झाल्या. मागणी साधी आहे, गेम बंद करा पण ज्यांनी पैसे दिले त्यांना तो आपापल्या मशीनवर चालवता येईल असा सोडून जा. मला ही मागणी शंभर टक्के पटते.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अन्यायकारक कराराची व्याख्या आहे, आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवायचा अधिकार कंपनीला देणारी अट त्यात बसते. अशी तक्रार जिल्ह्याला नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे जाते. पण पाच-सातशेच्या गेमसाठी कोण धुळ्याहून तिथवर जाणार, म्हणून आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तरी फोन कर.

आणि पुढचा गेम घेताना जीओजी या ऑनलाइन गेम दुकानात मिळतो का बघ. तिथं ऑफलाइन इन्स्टॉलर डाउनलोड करून हार्ड डिस्कवर ठेवता येतो, नंतर नेट नसलं तरी गेम लागतो. स्टीमवरच घ्यायचा असेल तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर रिफंड मिळतो, त्या दोन तासांत नेट बंद करून गेम उघडतो का ते आधी तपासून घे.

प्रश्न : नवीन लॅपटॉपवर डेस्कटॉपच्या फाइली आपोआप वनड्राईव्हला गेल्या, आता जागा भरली म्हणून पैसे मागतंय. मी तर काही चालू केलं नव्हतं.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, वनड्राईव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची फाइली ठेवायची जागा, आणि ती फुकट ५ जीबीच असते म्हणून पैसे मागतंय. घाईत काही डिलीट करू नका, इथून उडवलं की तिकडूनही उडतं. आधी सगळं पेनड्राईव्हवर कॉपी करा, दोन-चार फोटो उघडून बघा, मग वनड्राईव्हच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपमध्ये जाऊन डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स तिन्ही बंद करा. फाइली दिसेनाशा झाल्या तर घाबरू नका, त्या वनड्राईव्हच्या फोल्डरमध्येच असतात, तिथून परत आणून ठेवा.