मी नर्स नाही. अमेरिकेत मेडिकेडच्या लोकांसाठी होम केअर एजन्सी काढता येईल का?

तुम्ही लिहिलंय की फिलाडेल्फियाजवळ राहता, एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, हातात आहे, नर्सिंग शिकलेला नाहीत, आणि घरोघरी केअरगिव्हर पाठवून मेडिकेडकडून, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याकडून, पैसे घेणारी एजन्सी काढायची इच्छा आहे. मी याच राज्यात सहा वर्षं हे काम करतेय, म्हणून पेनसिल्व्हेनियापुरतंच बोलते. नदीपलीकडे न्यू जर्सीत नियम निराळे: तिथे केअरगिव्हरला ७६ तासांचं प्रशिक्षण घेऊन बोर्ड ऑफ नर्सिंगचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं आणि एजन्सीला नर्स ठेवावीच लागते.

इथे तुम्हाला जमेल. ईएडीवर स्वतःचा धंदा करता येतो, आणि हे काम वैद्यकीय नसल्यामुळे मालक नर्स असायची अट नाही. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, बाथरूमला नेणं, जेवण करून भरवणं, चालताना आधार देणं, गोळीची आठवण करणं. इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग यांना हातही लावायचा नाही.

लायसन्स हा यातला सोपा भाग आहे, म्हणून तो पटकन सांगते. आधी कंपनी नोंदवा, ईआयएन (कंपनीचा टॅक्स नंबर) आणि एनपीआय (आरोग्यसेवा देणाऱ्यांचा दहा आकडी ओळख क्रमांक) घ्या. मग राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ हेल्थकडे अर्ज करा, फी १०० डॉलर. होम केअर एजन्सींसाठी राज्याचे प्रकरण ६११ नावाचे नियम आहेत. ते छापून काढा आणि पेन घेऊन वाचा. माणूस कामावर घेण्याआधी समोरासमोर मुलाखत, किमान दोन समाधानकारक शिफारशी, पोलिसांचा अहवाल, टीबीची तपासणी आणि कामाची परीक्षा किंवा प्रशिक्षण, एवढं प्रत्येकाच्या फाइलमध्ये हवं. उमेदवार राज्यात सलग दोन वर्षं राहिलेला नसेल तर एफबीआयचा अहवालही लागतो. तपासनीस येतात तेव्हा याच फाइली उघडतात. पहिल्या कामगारापासून वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा विमा सक्तीचा आहे.

त्यानंतर मेडिकेडकडे नोंदणी, आणि शिवाय कम्युनिटी हेल्थचॉइसेस (घरच्या सेवेसाठीचा राज्याचा मेडिकेड कार्यक्रम) चालवणाऱ्या प्रत्येक मॅनेज्ड केअर कंपनीशी, म्हणजे राज्याच्या वतीने ही सेवा मंजूर करून पैसे देणाऱ्या विमा कंपनीशी, वेगळा करार. पहिल्या अर्जापासून पहिल्या क्लेमचे, म्हणजे मेडिकेडला पाठवलेल्या बिलाचे, पैसे येईपर्यंत मला नऊ महिने लागले.

मेडिकेड घरी माणूस पाठवतं तरी कशाला, हे तुम्हाला नीट माहीत असायला हवं, कारण धंद्याचा पाया तोच आहे. मेडिकेड १९६५ चं, पण कितीतरी वर्षं त्याचे पैसे मुख्यतः नर्सिंग होमकडे जात. १९८१ च्या कायद्याने राज्यांना वेव्हर (नियमांतून सूट) मिळाला, म्हणजे नर्सिंग होमची गरज असलेल्या माणसाला घरीच सेवा देता येऊ लागली. १९९९ मध्ये ऑल्मस्टेड खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अपंग माणसाला विनाकारण संस्थेत डांबून ठेवणं हा भेदभाव आहे. जॉर्जियातल्या लॉइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोघींमुळे तो निकाल लागला. आजही नर्सिंग होमचा खर्च उचलणं राज्यांना बंधनकारक आहे, घरची वेव्हर-सेवा मात्र ऐच्छिक. राज्याच्या तिजोरीत चणचण झाली की कपातीसाठी या सेवेचे दर आणि तास यांच्यावरच आधी नजर जाते. हे डोक्यात ठेवूनच पैसे घाला.

आता पैशांचं बोलू. क्लेम पंधरा-पंधरा मिनिटांच्या युनिटमध्ये जातो आणि तासाला साधारण २० डॉलरच्या आसपास मिळतात. समजा दहा क्लायंट आहेत, प्रत्येकाचे आठवड्याला ३० तास. म्हणजे ३०० तास. केअरगिव्हरला तासाला १४ डॉलर दिले तर ४,२०० डॉलर मजुरी. त्यावर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा मालकाचा ७.६५ टक्के वाटा, विमा, बेरोजगारीचा कर. ४,८०० धरा. हे पैसे ठरल्या दिवशी द्यावेच लागतात, क्लेमचे मात्र सहा आठवडे लांबू शकतात. म्हणजे एक पैसा हातात यायच्या आत जवळजवळ २९,००० डॉलर गेलेले असतात. भाडं, सॉफ्टवेअर, ऑफिसातल्या एका माणसाचा पगार वेगळा. तीन महिन्यांचं पेरोल बँकेत नसेल तर पहिला क्लायंट घेऊ नका. केअरगिव्हरचा चेक परत गेला तर तिचं घरभाडं थकतं, आणि ती पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

पैसे वाचवायला केअरगिव्हरना १०९९ या टॅक्स फॉर्मवर, कंत्राटदार म्हणून दाखवा असा सल्ला तुम्हाला ओळखीचं कुणीतरी हमखास देईल. ऐकू नका. त्या तुमच्या कर्मचारी आहेत, डब्ल्यू-२ वरच (पगारी नोकरांचा टॅक्स फॉर्म) घ्या. एका क्लायंटकडून दुसऱ्याकडे जाण्याचा वेळही कामाचाच धरा. क्लायंट आणायला कुणाला रोख रक्कम, गिफ्ट कार्ड काहीही द्यायचं नाही. मेडिकेडमध्ये तो फौजदारी गुन्हा आहे. ‘माझ्या आईला तुमच्याकडे आणते, मला काय देणार?’ असं मला देवळाच्या पार्किंगमध्ये विचारलं गेलंय. तिथल्या तिथे नाही म्हटलं.

ईव्हीव्ही, म्हणजे भेटीची इलेक्ट्रॉनिक हजेरी, नीट समजून घ्या. २०१६ च्या फेडरल कायद्यामुळे प्रत्येक भेटीच्या सहा गोष्टी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदवाव्या लागतात: कोणती सेवा, कोणाला, कोणी दिली, तारीख, ठिकाण, सुरू आणि संपल्याची वेळ. माझे एक क्लायंट निवृत्त बसचालक, पॅरालिसिसने उजवी बाजू गेलेली, तळघरात राहायचे. तिथे मोबाइलला रेंज नाही. केअरगिव्हर सातला बरोबर पोचायची, पण फोनवर नोंद उमटायची जिना चढून वर आल्यावर. दुरुस्त्या हाताने भरता भरता माझी एक चूक झाली आणि दोन आठवड्यांचे क्लेम परत आले. शेवटी तिने त्यांच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या जुन्या लँडलाइनवरून फोन करून हजेरी लावायला सुरुवात केली, आणि प्रश्न मिटला. क्लायंटच्या घरी पहिल्यांदा जाल तेव्हा रेंज आहे का, लँडलाइन आहे का, हे आधी बघा.

त्याच आजोबांच्या घरी एका रविवारी मला स्वतःला जावं लागलं. पहाटे साडेपाचला केअरगिव्हरचा फोन आला, मुलाला ताप होता. दुसरं कोणी मिळेना. माझीही चाचणी, पोलीस अहवाल, टीबीची तपासणी सगळं फाइलला लावलेलं होतं म्हणूनच जाता आलं. तुम्हीही तुमची फाइल अशीच पूर्ण ठेवा. मी घाईघाईने त्यांच्या शर्टाची बटणं लावत होते. वरच्या बटणाला आले तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझा हात बाजूला केला आणि ते एक बटण स्वतः लावलं. तीन-चार मिनिटं गेली. माझ्या प्रशिक्षणाच्या फाइलमध्ये ‘क्लायंटचं नियंत्रण’, म्हणजे आपलं काय कसं व्हावं हे क्लायंटनेच ठरवणं, हा विषय होता, मी परीक्षेत त्याचं उत्तरही बरोबर लिहिलं होतं. त्या दिवसानंतर प्रत्येक नव्या केअरगिव्हरला मी तो विषय स्वतः शिकवते.

आपल्या लोकांचा आणखी एक नेहमीचा बेत असतो, की पहिले क्लायंट आपलेच आईबाबा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना हे मिळत नाही, आणि ग्रीन कार्ड मिळाल्यावरही मेडिकेडसाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं. पात्र झाल्यावर मुलगा-सून केअरगिव्हर म्हणून पगार घेऊ शकतात. नवरा किंवा बायको नाही, कायदेशीर पालक किंवा पॉवर ऑफ अटर्नी असलेली व्यक्तीही नाही.

अर्ज करायच्या आधी एक करा. एखाद्या एजन्सीत तीन महिने केअरगिव्हर म्हणून काम करा, शनिवार-रविवार का होईना. माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, बर्फात बस चुकली की दुसऱ्या घरी पोचायला किती वेळ लागतो, शुक्रवारी पगार जमा झाला नाही की कसं वाटतं, हे कळू द्या. मग तो १०० डॉलरचा अर्ज भरा.